काट्यात शिरणाऱ्या पंज्याचे चिलखत

आपल्या धाराशिव जिल्ह्यात जिथे नांगर फिरत नाही तिथे वेडी बाभूळ उभी आहे. सीना, मांजरा, तेरणा, बोरी यांचे काठ, पाझर तलावांचे भराव, गायराने, पडीक बांध, गावाबाहेरचे नाले, कुठेही नजर टाका. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. 1877 च्या सुमारास इंग्रजांनी ते आंध्रातल्या कडप्प्याकडे सरपणासाठी लावले आणि तिथून ते कोरडवाहू मुलखात पसरत गेले. शेळ्यामेंढ्या त्याच्या गोड शेंगा खातात, आतले बी पचत नाही, लेंडीतून पडते आणि रुजते. वरून तोडले तर बुडख्यातून पहिल्यापेक्षा जास्त धुमारे फुटतात. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांनी सीनेचा आणि ओढ्यानाल्यांचा पूर पाहिला. नाल्याच्या पात्रात माजलेली झाडी अशा वेळी वाहून येणारा काडीकचरा अडवते, पाण्याला फुगवटा येतो आणि ते काठ सोडून शेतात शिरते. म्हणून ही झाडी काढणे आता हौसेचे काम उरलेले नाही. हाताने काट्या ओढायला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी ते काम अंग फाडणारे आहे. त्यामुळे ट्रॅक्टरच्या पुढे लोडर बसवून, त्याला बकेटऐवजी पंजा लावून तोडलेल्या फांद्या उचलण्याकडे कल आहे. आज बोलायचे आहे ते या पंज्याच्या एका दुरुस्तीबद्दल. पंजा विकत घेताना तिचा विचार सहसा होत नाही आणि पहिला पाइप फुटल्यावर ती आठवते.

पंजा काट्यात निकामी होतो तो त्याचे दात मोडल्यामुळे क्वचितच. दात जाड पोलादाचे असतात, बाभळीच्या फांदीपुढे ते वाकत नाहीत. निकामी होतो तो दातांच्या मागचा भाग: जबडा मिटवणारा जॅक, त्याचा चकचकीत रॉड, तेल नेणारे रबरी पाइप आणि त्यांची निपले. वरचा जबडा उघडून ट्रॅक्टर ढिगात शिरतो तेव्हा फांद्या दाताखाली दबतात, वाकतात आणि दात पुढे सरकला की सुटून मागे उसळतात. त्या उसळीच्या वाटेवरच बहुतेक लोडरना पाइपांचे वेटोळे मोकळे लोंबत असते. बोटाएवढी फांदी त्या वेटोळ्यात अडकली आणि चालकाने लोडरचा हात वर उचलला, की पाइप निपलाशी उपटतो. चालकाला हे दिसत नाही, कारण बसल्या जागेवरून त्याला दातांची टोके दिसतात, जबड्याच्या आतली बाजू दिसत नाही. म्हणून ‘जपून चालवा’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. जे डोळ्याआड घडते ते जपणुकीने टळत नाही, त्यासाठी लोखंडाचा आडोसाच लागतो. हा आडोसा दातांना नको, तो दातांमागच्या नाजूक भागांना हवा, हे माझे म्हणणे आहे. अधिक जाड दात, अधिक मोठा पंजा किंवा अधिक ताकदीचा जॅक घेऊन हा प्रश्न सुटत नाही, उलट उसळी जोरदार होते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: पाइप काही शे रुपयांचा, फुटला तर बदलू, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? हिशेब मांडून पाहू. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाब साधारण 150 ते 200 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. 5 सेंटिमीटर व्यासाच्या जॅकमध्ये 175 चा दाब धरला तर रॉडवर सुमारे 3400 किलोचा जोर येतो. पंप मिनिटाला 30 लिटर तेल फेकत असेल तर फुटलेल्या पाइपातून सेकंदाला अर्धा लिटर तेल जाते. चालकाच्या लक्षात येऊन इंजिन बंद होईपर्यंत 10 सेकंद गेले, तर 5 लिटर तेल मातीत. आणि इथेच खरी मेख आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचे आणि गिअरचे तेल एकच असते. म्हणजे गेलेले तेल गिअरबॉक्सचेही असते. त्याहून वाईट म्हणजे नाल्याकाठी, धुळीत, उघड्यावर पाइप बदलताना निपलाच्या तोंडाशी चिकटलेली माती आत जाते आणि तीच पंपातून, व्हॉल्व्हमधून फिरते. पाइप स्वस्त आहे, पण त्याच्या मागे तेल, पंप आणि कामाचा खाडा उभा आहे. रॉडचेही तसेच. ढीग कवटाळलेला असताना रॉड बराचसा बाहेर आलेला असतो आणि काटेरी खोडे त्यावर घासतात. त्याच्या क्रोमवर नखाला अडेल एवढा जरी ओरखडा पडला, तरी प्रत्येक वेळी आत-बाहेर होताना तो सील कापत राहतो.

आता दुरुस्ती. सुरुवात पत्र्याने करू नये, पाइपांच्या वाटेपासून करावी. पाइप लोडरच्या हातांच्या आतल्या आणि मागच्या अंगाने, ट्रॅक्टरकडच्या बाजूने न्यावेत आणि रबर लावलेल्या क्लॅम्पनी धरावेत. हात पूर्ण वर, पूर्ण खाली, पंजा पूर्ण उघडा आणि पूर्ण मिटलेला, या सगळ्या अवस्थांत पाइप ताणला जाणार नाही एवढीच ढील ठेवावी, त्याहून वेटोळे मोठे नको. दुहेरी तारजाळीचा पाइप घ्यावा आणि त्यावर विणलेल्या जाड लपेटा पाइपाचा जुना तुकडा चढवावा. घासायचे ते आधी त्याला घासेल आणि बारीक भोक पडलेच तर तेलाची पिचकारी थेट माणसाच्या दिशेने न येता तिथेच अडून खाली गळेल. मग कवच. जॅकच्या वर आणि दोन्ही बाजूंना मिळून उलट्या पन्हाळीसारखे, 5 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे झाकण, जे जॅकच्या मागच्या टोकाला पक्के असेल आणि रॉड पूर्ण बाहेर आला तरी त्याच्या वरून पोहोचेल. त्याची पुढची कड सरळ ठेवू नये, तिरकी उतरती ठेवावी, म्हणजे फांदी अडकण्याऐवजी घसरून जाते. निपलांच्या पुढे वेगळा छोटा कान हवा. ग्रीस निपलासमोर पत्र्याला भोक पाडायला विसरू नये. ज्या कवचामुळे ग्रीसगन पोहोचत नाही, तिथे ग्रीस देणेच टळते, पिन झिजते आणि जबडा डुगडुगू लागतो.

कवच वेल्डिंग करून चिकटवायचे की नट-बोल्टने बसवायचे, यावर कारागिरांत मतभेद आहेत. वेल्डिंग लवकर होते, खुळखुळत नाही, ही वेल्डिंगवाल्यांची बाजू खरी. तरीही माझे मत बोल्टच्या बाजूने आहे. लोडरचा हात वजन उचलताना वाकण्याचा ताण सोसतो आणि तो ताण वरच्या व खालच्या कडांवर सर्वाधिक असतो. त्या कडांवर आडवा वेल्ड मारला तर तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय कवच एक दिवस वाकणारच, त्यासाठीच ते आहे. वाकलेले कवच काढून घणाने सरळ करून परत बसवता यायला हवे. हमीच्या काळातला लोडर असेल तर त्याच्या सांगाड्याला भोक न पाडता यू-बोल्टने पट्टी आवळावी. कुठे वेल्ड अटळच असेल, तर तो हाताच्या बाजूच्या पत्र्यावर, मध्यरेषेजवळ, लांबीच्या दिशेने मारावा. त्याआधी बॅटरीची तार सोडावी, जॅक आणि पाइप उतरवून ठेवावेत आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा, नाहीतर करंट रॉडमधून वाट काढतो आणि त्याला खड्डे पाडतो.

वजन वाढेल हा आक्षेप ऐकायला रास्त वाटतो, पण आकड्यांपुढे टिकत नाही. 5 मिलिमीटर पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे 39 किलो. एका जॅकच्या झाकणाला पाव चौरस मीटर पत्रा पुरतो, म्हणजे दहा किलोच्या आतबाहेर. घमेलेभर ओली माती पंज्यात जास्त आली तरी एवढा फरक पडतो. मागच्या बाजूला प्रतिवजन असलेच पाहिजे, ते कवच असो वा नसो. याहून वजनदार आक्षेप आहे तो कचऱ्याचा. झाकणाखाली वाळका पाला, काटक्या साठतात आणि तेल गळत असेल तर ते मिश्रण पेट घेऊ शकते. याचे उत्तर कवचाच्या रचनेतच द्यावे लागते: खालची बाजू पूर्ण मोकळी, दोन्ही बाजूंना हात शिरेल एवढी फट आणि दर दिवशी काम संपल्यावर काडीने सफाई. हे करायची तयारी नसेल, तर कवच न लावलेले बरे.

काही जण म्हणतील, हे काम जेसीबीचे आहे. मुळासकट उपटायचे असेल तर ते खरेच आहे. पंज्याने बुडखा उपटायचा प्रयत्न करू नये, त्याने लोडरचे हात पिळवटतात. पण तोडलेली झाडी गोळा करणे, रचणे आणि कोळशाच्या भट्टीसाठी वेगळी काढणे, या कामाला ट्रॅक्टर पुरतो आणि तो दारातच उभा असतो. मात्र त्याचे स्वतःचे अंगही झाकायला हवे. रेडिएटरपुढे काढता येणारी बारीक जाळी लावावी, ती दिवसातून दोनदा झाडावी, नाहीतर इंजिन तापते. इंजिनाच्या पोटाखाली पत्रा आणि पुढच्या टायरच्या व्हॉल्व्हला टोपी-पट्टी. काटा टायरात घुसायचा तो घुसतोच, तिथे फारसा इलाज नाही.

एक गोष्ट जरा ठासून सांगतो. तेल कुठून गळते ते पाहायला पाइपावरून बोट फिरवू नका. इंजिन चालू असताना सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारे तेल कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, रक्तही येत नाही, दुखणे नंतर सुरू होते आणि तोवर बोट गमावायची वेळ येऊ शकते. तसे झालेच तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जावे आणि आत हायड्रॉलिकचे तेल गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायला पुठ्ठ्याचा लांब तुकडा धरावा, त्यावर डाग उमटतो.

पुठ्ठा आणखी एका कामाचा आहे. पत्रा कापण्याआधी कवचाचा साचा पुठ्ठ्याचा करावा, तो जॅकवर धरून पंजा सावकाश उघडून-मिटून पाहावा, जिथे घासेल तिथे कातरावा. आपल्या गावोगावचे वेल्डर उसाच्या ट्रॉल्या आणि पेरणीयंत्रे सांभाळतात, त्यांना हे काम अवघड नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्येही प्रशिक्षणार्थींना हे करायला देता येईल. अवजारे बँक चालवणाऱ्या गटांनी तर लोडर भाड्याने देण्याआधीच कवच बसवून घ्यावे, कारण भाड्याच्या यंत्राला सर्वांत जास्त मार बसतो. आणि पुठ्ठ्याचा साचा जमला की तो टाकून देऊ नये, त्यावर लोडरची बनावट लिहून दुकानात टांगून ठेवावा. त्याच बनावटीचा दुसरा लोडर शेजारच्या गावात असतोच.