पालकांचा ताण : उपचारातील विसरलेली नोंद

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत बालरोग विभागातील डॉक्टरांनी केलेले भाषण)



स्वमग्न मुलांच्या उपचारांविषयी मी बोलावे, अशी आपली अपेक्षा आहे. परंतु आज मी त्या मुलांना येथे घेऊन येणाऱ्या मातापित्यांविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एक माता आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन नियमाने बाह्यरुग्ण विभागात येत असे. एके दिवशी डोके असह्य दुखत असल्याचे सांगून त्या बाकावर आडव्या झाल्या. रक्तदाब धोक्याच्या पातळीवर होता. विचारपूस केली तेव्हा कळले, की मुलगा रात्री दोन-तीन तासांपलीकडे झोपत नसल्याने गेली चार वर्षे त्यांनाही सलग झोप मिळालेली नव्हती. मुलाच्या झोपेची नोंद मी प्रत्येक भेटीत केली होती. आईच्या झोपेविषयी एकदाही विचारले नव्हते. ही चूक माझी होती.

हा ताण केवळ मनाचा नसतो. वाढत्या वयाच्या मुलाला आवरणे, उचलणे, रस्त्यावर त्याच्यामागे धावणे यांनी पाठ आणि गुडघे झिजतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किशोरवयीन व प्रौढ स्वमग्न अपत्यांच्या मातांमध्ये कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण इतर मातांपेक्षा कमी आढळले. दीर्घकाळ तीव्र ताणाखाली राहिलेल्या माणसांमध्येही असे दिसून येते.

शरीराच्या थकव्याहून जड असते ते अपराधीपणाचे ओझे, आणि ते लादण्यात आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांचाही वाटा आहे. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून स्वमग्नतेचे वर्णन केले. पुढे आईची माया कमी पडल्याने मूल असे होते, हा समज बळावला. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने तो साधार खोडून काढला. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता होते. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे, हे आज निर्विवाद आहे. तरीही ‘आई नोकरी करते ना, म्हणून’ किंवा ‘फार लाडावून ठेवलंय’ हे शब्द घरोघरी ऐकू येतात. मग लग्नकार्यांना जाणे बंद होते, शेजार तुटतो. वडील बहुधा बोलत नाहीत. पण त्यांचे न बोलणे म्हणजे ताण नसणे नव्हे.

आणि प्रत्येक पालक कधी ना कधी दाराशी थबकून एकच प्रश्न विचारतो : ‘डॉक्टर, आमच्या पश्चात याचं काय?’ त्याचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अठरा वर्षांनंतर स्थानिक समितीमार्फत कायदेशीर पालक नेमता येतो, ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. ही माहिती वेळेवर मिळाली, तरी काही रात्रींची झोप परत येते.

त्या प्रसंगानंतर आम्ही मुलाच्या फाइलमध्ये एक पान वाढविले. त्यावर पालकांचा रक्तदाब, झोप आणि मनःस्थिती यांची नोंद होते. पालकांना गरज आहे ती आठवड्यातील काही तासांच्या विसाव्याची. त्या वेळेत मुलाला समजून घेणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीच्या हाती ते सुरक्षित असावे. देणगीतून यंत्र येते तेव्हा त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. एखाद्या मातेने निश्चिंतपणे घेतलेल्या दोन तासांच्या झोपेवर पाटी लावता येत नाही. तरीही दात्यांनी या सेवेच्या वेतनखर्चाचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

पालकहो, पुढच्या भेटीत मुलाबरोबर स्वतःचीही तक्रार सांगा. ती ऐकून घेणे हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे.