वारीच्या वाटेवरील मृदंग

पंढरीच्या वाटेनें चालणाऱ्या दिंडींत वीणा, टाळ आणि मृदंग हीं तीन वाद्यें मुख्य होत. वीण्याची तार तुटली तर दुसरी चढवितां येते. टाळ धातूचे, त्यांस उन्हाची क्षिति नाहीं कीं पावसाची नाहीं. मृदंग मात्र लांकूड, कातडें आणि कणीक यांचा केलेला, आणि या तिन्ही वस्तू हवेच्या लहरीप्रमाणें वागणाऱ्या. तेव्हां वाजवितां वाजवितां आपलें वाद्य केव्हां तरी दगा देणार, हें मृदंगवादकास घरून निघतांनाच गृहीत धरावें लागतें. श्रोत्यांस त्याचे बोल ऐकूं येतात. त्या बोलांमागें चाललेली त्याची डागडुजी सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आजच्या भाषणाचा विषय ती डागडुजी हाच आहे.

या विषयास बुलढाणा जिल्ह्यासारखें दुसरें उदाहरण मिळणें कठीण. शेगांवच्या श्रीगजाननमहाराजांची पालखी १९६८ पासून पायीं पंढरपुरास जाते. साथीच्या रोगामुळें २०२० आणि २०२१ या दोन वर्षीं तेवढा पायवारींत खंड पडला. मेअखेरीस किंवा जूनमध्यें ती निघते आणि अकोला, परभणी, परळी, अंबेजोगाई, सोलापूर, मंगळवेढें अशा वाटेनें सुमारें महिनाभर चालून आषाढी एकादशीपूर्वीं पंढरींत पोंचते. वाट सातशें किलोमीटरांहून अधिक. प्रस्थानाच्या वेळीं वऱ्हाडचें ऊन बहुधा उतरलेलें नसतें, आणि पुढें वाटेंत केव्हां तरी मृगाच्या सरी दिंडीला गांठतात. म्हणजे एकाच वाद्यानें एकाच महिन्यांत अंग भाजणारी झळहि सोसावयाची आणि अंगांत मुरणारी ओलहि सोसावयाची. देहू-आळंदीहून निघणाऱ्या मृदंगास एवढी टोकाची परीक्षा क्वचितच द्यावी लागत असेल.

मृदंगाचीं तोंडें दोन. उजवें लहान, त्याच्या पुडीवर मधोमध लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांची घोटून बसविलेली काळी शाई असते. डावें मोठें, त्यास धुमा म्हणतात. त्यावर शाई नसते, तर वादक प्रत्येक बैठकीपूर्वीं भिजविलेली कणीक त्यावर थापतो. दोन्ही पुड्या एका लांब चामडी वादीनें एकमेकींशीं ओढून बांधलेल्या असतात, आणि त्या वादीखालीं लांकडाचे गट्टे सारलेले असतात. शाईचें मर्म काय, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं, आणि पुढें १९३४ सालीं अधिक विस्तारानें, दाखवून दिलें. साध्या ताणलेल्या कातड्यावर आघात केला असतां त्यांतून जे अनेक नाद एकदम उठतात, त्यांचा परस्परांशीं मेळ नसतो. म्हणून नुसत्या ढोलास नेमका स्वर नाहीं. मध्यभागीं शाईचें वजन बसलें कीं ते नाद मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा प्रमाणांत येतात आणि वाद्य स्वर बोलूं लागतें. यावरून शाईला चीर गेली म्हणजे केवढी हानि होते तें कळेल. पुडी वाजते, पण वेडीवांकडी वाजते, आणि मग गट्टे कितीहि ठोकले तरी सूर लागत नाहीं. या एका दुखण्यास वाटेवर इलाज नाहीं. तें तोंड मढविणाऱ्या कारागिराकडेच गेलें पाहिजे.

बाकीचीं दुखणीं मात्र वादकानेंच निस्तरावयाचीं. उन्हांत पुडी आखडते आणि स्वर चढतो. गट्टे मागें घेऊन तो उतरवावा लागतो. परंतु रोजचा खरा त्रास कणकेचा. दुपारच्या झळांनीं तिचा वरचा पापुद्रा वाळतो, कडा सुटतात, आणि भजन ऐन रंगांत आलें असतां एका थापेसरशी ती खालीं पडते. धुम्याचा घुमारा जाऊन नुसती टपटप उरते. जाणता वादक म्हणूनच अधूनमधून कणकेवर ओलीं बोटें फिरवितो, आणि ओल्या फडक्यांत गुंडाळलेला एक जादा गोळा हाताशीं ठेवितो. अभंगाचें एक चरण संपून दुसरें उचललें जाईपर्यंत टाळकऱ्यांचा गजर चालू असतो. तेवढ्या अवकाशांत नवी कणीक थापून होते. पाहणाऱ्यास वाटावें, गड्यानें हात झटकला!

पावसांत सारें उलट. कातडें ओल पितें, ढिलें पडतें, स्वर खालीं येतो आणि कणीक चिकट होऊन हाताबरोबर उठून येऊं लागते. अशा वेळीं कणीक घट्ट मळावी लागते. गट्टे उजव्या तोंडापासून दूर ठोकले कीं वादी ताणते व स्वर चढतो. बारीक कसर पुडीच्या गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन भरून काढतात. वऱ्हाडांत डफडें वाजविणारे लोक काडीकचऱ्याची आगटी करून त्यावर आपलें वाद्य सरळ शेकतात, आणि तें क्षणांत टणत्कार देऊं लागतें. मृदंगास ही मोकळीक नाहीं, कारण डफड्यास शाई नसते. मृदंगाची शाई जाळाजवळ नेली तर तडकावयाची. त्यास दुरून ऊब द्यावी, कोरड्या फडक्यानें पुसावें, आणि धीर धरावा. आणखी एक गोष्ट नवशिके हटकून विसरतात. ओलेपणीं ताणून बसविलेली पुडी मुक्कामावर सैल केलीच पाहिजे. नाहीं तर सकाळचें ऊन लागतांच ती आपोआप आखडते आणि किनारीपाशीं फाटते. पावसांत झालेली चूक अशी दुसऱ्या दिवशीं उन्हांत उघडी पडते, आणि दोष बिचाऱ्या पुडीला मिळतो.

चालत्या भजनांत पुडीच फाटली किंवा वादी तुटली तर काय? वादी सलग असल्यामुळें ती एका ठिकाणीं तुटली कीं दोन्ही तोंडांचा ताण जातो. तिला गांठ मारून काम भागवितां येतें, पण तें थांबून. म्हणून दोन मृदंग असलेली दिंडी सुखी. एक पडला तर दुसरा पुढच्या समेवर ठेका उचलतो. मृदंग एकच असेल आणि केवळ उजवी पुडी गेली असेल, तर धुम्यावर आणि टाळांच्या भरंवशावर आठ मात्रांचा भजनी ठेका धरून ठेवतां येतो. त्यांत सौंदर्य नाहीं हें खरें. परंतु वारकऱ्यांचें पाऊल स्वरावर पडत नाहीं, ठेक्यावर पडतें. ठेका थांबला तर पावली मोडते, आणि शें-दोनशें माणसांची एकदां मोडलेली रांग पुन्हां लयींत आणणें हें वादी बांधण्याहून अवघड काम. विष्णुबुवा जोग यांनीं १९१७ सालीं आळंदीस स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणीं मुलें मृदंगाचे बोल शिकतात. कणीक मळणें आणि गट्टा ठोकणें हेंहि त्याच विद्येचें अंग मानलें पाहिजे.

रात्रीच्या कीर्तनांत अडचण निराळी. दिवसा चालतांना मृदंग अर्ध्या स्वरानें उतरला तरी गाणाऱ्यांचे गळे नकळत त्याच्यामागें उतरतात, आणि कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. रात्रीं मंडपांत हार्मोनियम असतो, आणि तो कोणासाठीं खालीं येत नाहीं. तेथें मृदंगासच वर चढावें लागतें.

हल्लीं पुष्कळ वादक नटबोल्टाचा मृदंग घेतात. त्यास हिणविण्याचें कारण नाहीं. पाना फिरविला कीं स्वर चढतो, वादी तुटण्याची धास्ती राहत नाहीं, आणि पावसाळी वाटेवर ही सोय लहान नव्हे. मात्र लोखंडास गंज चढतो, आटे झिजतात, आणि पाना मागच्या मुक्कामावर राहिला तर दगडानें बोल्ट आवळतां येत नाहीं. गट्टा तेवढा दगडानें ठोकतां येतो. अमेरिकेंत १९५७ च्या सुमारास ड्रमसाठीं वासराच्या कातड्याऐवजीं कृत्रिम पडदा बाजारांत आला आणि तिकडील वादकांची ओलीची चिंता बरीचशी मिटली. आपल्याकडे ताशावरहि असा पडदा आलेला आहे. मृदंगाच्या शाईच्या तोंडास मात्र अद्यापि कातड्याचीच सर येते, आणि तें मढवून शाई भरणारा हात शिकण्यास वर्षें लागतात. असे हात खेडोपाडीं विरळ होत चालले, ही चिंता गंजलेल्या बोल्टाहून मोठी आहे. बुलढाण्याच्या एखाद्या खेड्यांतील भजनी मंडळानें एका फाटक्या पुडीपायीं दूरच्या गांवची वाट धरावयाची, आणि ती परत येईपर्यंत एकादशीचें भजन नुसत्या टाळांवर करावयाचें, असे प्रसंग त्यामुळें येतात.

रेडिओवर कीर्तन ऐकतांना मध्येंच हातोडीची टकटक ऐकूं आली कीं घरांतील मंडळींच्या कपाळास आठी पडते. ती टकटक बहुधा निरूपण चालू असतांना होते, याकडे लक्ष द्यावें. बुवा दृष्टांतांत रंगलेले असतात, आणि त्यांच्या मागें बसलेला वादक मान वांकडी करून, पुडीस कान लावून, एकेक गट्टा चाचपीत असतो. दृष्टांत संपून अभंगाचें चरण उचललें जाईल तेव्हां त्याची पहिली थाप सुरांत पडावयाची असते, आणि त्यासाठीं त्याच्यापाशीं एवढाच वेळ असतो.