शिरोरेषेच्या आधाराने

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही त्यामागची कल्पना. संगणकावर आखलेली वस्तू यंत्राने कापून देणारी कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेबाहेर पहिल्यांदा उभी राहिली ती २००२ मध्ये, याच पाबळला. आता अशा कार्यशाळा शहरांतही आहेत. लोक हौसेने लेझरचं यंत्र बघायला जातात आणि पहिल्याच प्रश्नाला अडतात: चित्र रेषेत आहे का?

रेषेत म्हणजे काय? वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरा, नुसते ठिपके दिसतील. ठिपक्यांवरून यंत्राने कापायचं कुठून? त्याला गवंड्याच्या दोरीसारखा हिशेब हवा, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, मधे अशी गोलाई. असं चित्र कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. त्याला व्हेक्टर चित्र म्हणतात.

ते काढायला इंकस्केप नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. २००३ पासून जगभरचे स्वयंसेवक ते घडवत आले आहेत. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत शोधत फिरायची खरोखर गरज नाही.

सुरुवात घराच्या पाटीने करावी. आधी कागदाचं माप मिलिमीटरमध्ये घ्या. नाव युनिकोडमध्ये टाइप करा. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवलात तर अगम्य चिन्हं उमटतील. 'मुक्ता'सारखे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. मग 'पाथ' मेनूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' दाबा, म्हणजे अक्षरांच्या रेषा होतील. आतला रंग काढून बारीक कडा तेवढी ठेवा.

इथे थांबू नका. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर अजून सुटं आहे, शिरोरेषा फक्त एकमेकींवर चढलेल्या आहेत. तसंच कापलंत तर हातात सुटी अक्षरं येतील. 'अनग्रुप' करून सगळी निवडा आणि 'युनियन' द्या. आता शब्द एकसंध झाला. इंग्रजी छापील अक्षरांना असा आधार नसतो, ती मागच्या फळीवर एकेक चिकटवावी लागतात. आपली शिरोरेषा मात्र अख्खा शब्द तोलून धरते.

सगळेच शब्द नाही, हेही सांगायला हवं. 'भ'चा 'म' आणि 'ध'चा 'घ' होऊ नये म्हणून शाळेत बाईंनी शिरोरेषा तोडायला शिकवली होती ना? 'शोभा' किंवा 'सुधा' कापलंत तर शब्द नेमका तिथेच दुभंगतो. मग खालून एक पट्टी जोडावी. अनुस्वाराचीही तीच गत. 'आनंद'वरचं टिंब यंत्राच्या जाळीतून खाली पडतं. ते जरा खाली ओढून शिरोरेषेला टेकवा आणि पुन्हा 'युनियन' द्या. उर्दूत पाटी केलीत तर पडलेल्या नुक्त्यांनी ओंजळ भरेल! स्टेन्सिल करताना उलटा प्रकार होतो: 'व', 'ब', 'ठ' यांच्या पोटातला तुकडा गळतो, तिथे बारीक पूल ठेवावे लागतात.

मला या सॉफ्टवेअरमधली सगळ्यांत मोलाची सोय वाटते ती 'ट्रेस बिटमॅप'. ब्रशने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचं काम फ्लेक्सने नेलं. त्यांचा 'क' फॉन्टमधल्या 'क'सारखा नसायचा, प्रत्येकाचं वळण वेगळं. अशी पाटी अजून कुठे टिकून असेल तर समोरून, सरळ फोटो काढा. 'ट्रेस बिटमॅप' त्या ठिपक्यांच्या रेषा करून देतं. कडा खडबडीत येतात, त्या हाताने नीट कराव्या लागतात; एका शब्दाला संध्याकाळ जाते. तो पेंटर हयात असेल तर त्याला विचारावं, आणि कामात घ्यावं. कुठलं वळण मुद्दाम दिलेलं आणि कुठे ब्रश फाटला होता, हे तोच सांगू शकेल.

फाइल घेऊन जाल तेव्हा कार्यशाळेतल्या माणसाला कापण्याच्या रेषेचा रंग विचारा. बऱ्याच ठिकाणी लाल चालतो. प्लायवूडआधी एकदा जाड पुठ्ठ्यावर कापून बघा, आणि टिंब जागेवर आहे ना, ते तपासा.