इग्वासूच्या जंगलात पोंभुर्ण्याचे दोघे

(माजी विद्यार्थी स्नेहमिलनात केलेले भाषण)



संयोजकांनी चिठ्ठीवर 'परदेशातील अनुभव, दहा मिनिटे' असं लिहून दिलं आहे. मी परदेशात एकदाच गेलो, पंधरा दिवसांसाठी. त्यातले चारच दिवस सांगण्यासारखे आहेत. बाकीचे विमानात आणि पाहुणचार खाण्यात गेले.

माझा बाकावरचा सोबती तुम्हाला आठवत असेल. तो बरीच वर्षं ब्राझीलमध्ये साव पावलोला नोकरीला आहे. मी वनखात्यातून क्षेत्रसहायक म्हणून निवृत्त झालो आणि त्याचा फोन आला, "जन्मभर सरकारी जंगल पाह्यलं, आता माह्या खर्चानं एक पाहून घे गा." पिवळ्या तापाची लस दहा दिवस आधी टोचून घेतली, तिचं पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवलं आणि निघालो. एप्रिल महिना होता. इकडे मोहफुलं वेचणं सुरू होतं.

इग्वासू ही ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरची नदी. तिथल्या ग्वारानी लोकांच्या भाषेत 'ई' म्हणजे पाणी आणि 'ग्वासू' म्हणजे मोठं. शाळेच्या सहलीत चिमूरकडचा मुक्ताईचा धबधबा पाहून आपण आठवडाभर त्याच्याच गोष्टी सांगत होतो. इथं पावणेतीन किलोमीटर लांबीच्या कड्यावरून सुमारे २७५ धारा कोसळतात. सगळ्यात मोठ्या धारेला 'सैतानाचा घसा' म्हणतात. ती जवळपास ८० मीटर खोल पडते. ब्राझीलच्या काठावरून सगळा देखावा समोर दिसतो. अर्जेंटिनाच्या काठावर छोटी आगगाडी जंगलातून नेते आणि नदीवरच्या पुलावरून चालत तुम्ही थेट त्या घशाच्या तोंडाशी उभे राहता. तिथं बोलून उपयोग नाही. सोबती माझ्या कानात काहीतरी ओरडला, मी मान हलवली. काय म्हणाला ते संध्याकाळी कळलं, त्याकडे येतोच.

पाण्यापेक्षा माझं लक्ष पाखरांकडे जास्त होतं, ती जन्माची खोड. काळपट पाकोळ्या थव्यानं येत आणि सरळ पाण्याच्या पडद्यात घुसत. पडद्यामागच्या ओल्या खडकाला चिकटून त्या रात्र काढतात, तिथंच घरटी करतात. शिकारी पक्ष्याची काय बिशाद! फुलपाखरं घाम प्यायला हातावर बसतात. एकाच्या पंखाखाली चक्क ८८ आकडा काढल्यासारखी नक्षी. कोआटी नावाचा लांब नाकाचा, पट्टेदार शेपटीचा प्राणी टोळीनं फिरतो आणि हातातली पिशवी ओढतो. आपल्याकडच्या देवळातल्या माकडांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

टूकान म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी, आपल्या धनेशासारखा. तो पाल्मितो नावाच्या ताडाची फळं खातो आणि बिया दूर नेऊन टाकतो. या ताडाचा कोवळा गाभा लोक आवडीनं खातात. त्याला एकच खोड. गाभा काढला की झाड मेलं. पुन्हा तयार व्हायला आठ-दहा वर्षं. म्हणून रात्री चोरून ताड तोडणारे आणि त्यांच्यामागे फिरणारे रक्षक, हा खेळ तिथंही चालू आहे. मोह आपलं फूल आपणच खाली टाकतो, झाडाला धक्का लागत नाही. पण ते वेचायला माणसाला पहाटे वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही.

त्या जंगलात जॅग्वार आहे. आम्हाला दिसला नाही. जॅग्वार माणसावर क्वचितच जातो, म्हणून पर्यटक पायवाटेनं बिनधास्त हिंडतात. ब्राझीलकडचं उद्यान साधारण १,८५० चौरस किलोमीटर. आपलं ताडोबा-अंधारी कोअर आणि बफर मिळून १,७२७. म्हणजे जवळपास सारखंच. पण त्यांचं उद्यान १९३९ मध्ये झालं आणि आत वसलेल्या शेतकऱ्यांना १९७०च्या दशकात बाहेर काढलं. ज्यांच्या भाषेतलं नाव नदीला आहे, त्या ग्वारानींची वस्तीही आत नाही. आपल्या बफरमध्ये सत्तरहून जास्त गावं आहेत आणि वाघ तर बफरच्याही बाहेर, आपल्या धुऱ्यापर्यंत येतो. त्यांची पद्धत चांगली की आपली, हे मला तिथं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नकाशावर त्यांची सोपी दिसते एवढं खरं.

संध्याकाळी सोबती म्हणाला, "म्या विचारलं होतं, परत येऊ का पोंभुर्ण्याले? तू तर मान हलवली."

त्याची दीड एकर धानाची बांधी अजून आहे. निवृत्तीनंतर तिथं घर बांधायचं त्याच्या मनात आहे, पण मुलं नको म्हणतात. त्यांनी बातम्या वाचल्या आहेत. मे २०२५ मध्ये सिंदेवाहीकडे तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक गेली. यातलं मी काय खोटं म्हणणार? अशा घरांच्या दारात पंचनाम्याचे कागद घेऊन मी स्वतः उभा राहिलो आहे.

मी त्याला एवढंच सांगितलं: दिवस मावळल्यावर बांधीत जायचं नाही, संडास घरातच बांधायचा, घराभोवती झुडूप वाढू द्यायचं नाही, आणि गुराख्याच्या पोरानं आज तिकडे जाऊ नका म्हटलं तर जायचं नाही.

"म्हणजे ये म्हणतोस की नको?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "तुला पर्याय आहे बाबा. मोह वेचणारीला कुठं आहे?" त्यावर तो बराच वेळ बोलला नाही.

आजच्या कार्यक्रमाला त्याला सुट्टी मिळाली नाही. मागच्या आठवड्यात मी त्याची बांधी पाहून आलो. बोडीच्या पाळीवर ओल्या मातीत ताजे पंजे उमटले होते, बहुधा मादीचे. फोटो काढून त्याला पाठवला. रात्री उत्तर आलं: "पोरायले दाखवू नको. मिस्त्रीले विचारून दोन खोल्याईचा खर्च सांग."