चापडा जिथे बसला आहे, तिथेच



निवृत्त फौजी बोलायला उभा राहिला की लोकांना लढाईच्या गोष्टी हव्या असतात. आज माझ्याकडे त्या नाहीत. आज मी डोंगरातल्या विषारी सापांबद्दल बोलणार आहे, आणि पहिला प्रश्न कोणता येतो ते ठाऊक असल्यामुळे त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, मी साप पकडत नाही. शोधतो, लांबून फोटो काढतो आणि परत येतो. पासष्टी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात. लांबून काढण्यात सोयही आहेच.

कोकणात वाढलेल्यांना किंवा पावसाळ्यात आंबोलीला गेलेल्यांना चापडा माहीत असेल. झुडपाच्या फांदीवर वेटोळं करून तासन्‌तास बसतो. घोणस आणि फुरसं त्याच्याच कुळातले, पण चापड्याला एक जादा अवयव आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगा असतो, आणि त्यातून त्याला उष्णता जाणवते. गार रात्री गवतातून पळणारा उंदीर त्याला अंधारातही कळतो. माणसाचा हातही कळतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चापडा म्हणजे दमट जंगलातला साप, असाच आपल्याकडे समज. पण हिमालयात, दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीवर आणि कुठे कुठे त्याहूनही वर, त्याचा एक भाऊबंद राहतो. हिमालयी चापडा. तपकिरी, खवल्यांवर कणा असलेला, दोन-अडीच फुटांचा. आल्बर्ट गुंथर या प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. हिवाळाभर दगडांच्या फटीत पडून राहतो आणि उन्हाळा-पावसाळ्याचे मोजके महिने जगून घेतो. अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. थंड मुलखात ते बरं पडतं, कारण आई उन्हात बसली की पोटातली पिल्लंही शेकतात.

त्याच्यासाठी आम्ही सप्टेंबरात हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात गेलो. कुल्लू जिल्हा, बंजारच्या पुढे. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, २०१४ पासून जागतिक वारसा स्थळ. पण आम्ही उद्यानात गेलोच नाही. चापडा पाहायचा तर गावाच्या शिवारात पाहावा, कारण तिथे दगडी बांध असतात. चुना-सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. उंदीर, सरडे, ऊब, आडोसा, सगळं एका भिंतीत. सापाला आणखी काय हवं?

माझ्याबरोबर पुण्याचा एक तरुण फोटोग्राफर होता. हाताशी उत्तम कॅमेरा, नजर तल्लख, पण पहिले दोन दिवस त्याला एकही साप दिसला नाही. मग मी त्याला फौजेतला एक धडा सांगितला. रंगरुटाला अगदी सुरुवातीला शिकवतात, ‘चीजें क्यों नज़र आती हैं’. आकार, सावली, चकाकी, आभाळावर उठून दिसणारी आकृती, आजूबाजूच्या पृष्ठभागाशी न जुळणारा पोत, सारखं अंतर, हालचाल. चापडा या सगळ्या परीक्षांत पास होतो. पोत दगडाचा, चकाकी नाही, हालचाल तर नाहीच नाही. म्हणून त्याला शोधताना साप शोधायचाच नाही. जमिनीचे पट्टे पाडायचे, आधी जवळचा, मग मधला, मग लांबचा, आणि प्रत्येक पट्ट्यावरून नजर सावकाश फिरवायची. वाळक्या पानांत एखादी कड जास्तच गोल दिसली की थांबायचं. मी तोफखान्यात होतो. निरीक्षण चौकीवर दुर्बिणीला डोळा लावून याच पद्धतीने डोंगरउतार वाचत दिवस काढलेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास तो सापडला. म्हणजे सापडली. अंगाने भरलेली होती, बहुधा पोटात पिल्लं असावीत. खात्रीने सांगत नाही. बांधाच्या पायथ्याशी एका चपट्या दगडावर ऊन आलं होतं, त्यावर ती पसरली होती. अडचण एकच. बांधालगत हातभर रुंदीची गवताची पट्टी उभी होती, आणि त्यातल्या दोन पात्या बरोबर तिच्या तोंडासमोर.

बाकीचा उतार तासून काढल्यासारखा कापलेला होता. पावसाळा सरता सरता तिथल्या बायका हिवाळ्यासाठी गवत कापतात. अशा गवताच्या उताराला तिकडे घासनी म्हणतात.

तरुण मित्राने पाठपिशवीतून हुक काढला. म्हणाला, “सर, एक फूटभर पुढे घेतो. पाच मिनिटांत परत ठेवतो. नाहीतर निदान गवत तरी छाटू या.”

त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. त्याला नुसता सुंदर फोटो नको होता. डोक्यावरचे खवले स्वच्छ दिसले तरच अशा फोटोचा ओळख पटवायला उपयोग होतो. त्याच राज्यातल्या चंबा खोऱ्यातला चापडा वेगळ्या प्रजातीचा आहे, हे २०२२ साली जाहीर झालं. म्हणजे खवले मोजणं हे काही रिकामटेकड्यांचं काम नव्हे.

तरी मी नको म्हणालो. ऊन लागणारा तो एक दगड म्हणजे तिची चूल. तिथून उचललेला साप बिथरतो, आणि परत ठेवला तरी तिथेच राहील याची हमी नाही. आम्ही संध्याकाळी निघून जाणार. बिथरलेला साप मात्र घासनीत राहणार, जिथे उद्या सकाळी कुणीतरी विळा घेऊन वाकणार.

आणि चावल्यावर काय? आपल्या देशात सर्पदंशावर मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर तयार होते. त्यात चापडा नाही. याच्या दंशाने माणूस क्वचितच दगावतो, पण हात कोपरापर्यंत सुजतो, वेदना जीवघेण्या. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात, आणि त्यासाठी आधी डॉक्टरपर्यंत पोहोचावं लागतं. तिथून रस्ता गाठायलाच पाऊण तासाची पायवाट होती. (चावलेला भाग हलवू नका, कापू नका, करकचून बांधू नका, इस्पितळात जा. फोटोसाठी सापामागे धावू नका.)

एवढ्यात आमच्या यजमानांची आई पाठीवर भारा घेऊन वरून उतरली. सत्तरीच्या पुढची बाई. मी गवताच्या पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, “अम्माजी, एवढंच का सोडलं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की फौजेत बुद्धी तपासून घेत नाहीत की काय. “इनका है,” म्हणाली. बांधापासून हातभर गवत कापायचं नाही. तिच्या सासूनेही सोडलेलं. हात बांधाजवळ गेलाच नाही तर त्याला हात कळणार कसा?

उष्णता टिपणाऱ्या खळग्यांबद्दल मी वाचलं ते पुस्तकात. तिने त्याचं अंतर गवतावर आखून ठेवलं होतं.

मित्राने हुक पिशवीत घातला. आम्ही दोघं ३०० मिलिमीटरची लेन्स लावून, दोन मीटर मागे, पोटावर आडवे झालो. फ्लॅश नाही. दीड तास. कोपरं सोलवटली. साडेदहाला सावली सरकली तशी तिने मान चारेक बोटं पुढे घेतली, पात्यांच्या मधून डोक्याची उजवी बाजू मोकळी झाली. उभी बाहुली, खळगा, ओठावरचे खवले. अकरा फोटो मिळाले, त्यातले तीन कामाचे.

आता पडद्यावर आहे तो त्यातलाच. खाली डावीकडे हिरवा धूसर पट्टा दिसतो ना, ती अम्माजींची पाती. स्पर्धेत हा फोटो पहिल्या फेरीतच बाद होईल. मला काढून टाकता आली असती ती पाती, संगणकावर दोन मिनिटांचं काम. ठेवली.

संध्याकाळी चुलीपाशी बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो अम्माजींना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं. मित्र कौतुकाची वाट बघत होता.

“ये तो छोटी वाली है,” त्या म्हणाल्या, आणि पोळी उलटायला वळल्या.