वृद्धांच्या घराची कडी
(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



मी वक्ता नव्हे. माझ्या नोकरीची बरीच वर्षे फोर्ट विल्यममधील इमारतींच्या देखभालीत गेली. त्यामुळे दारे, बिजागऱ्या आणि कड्या यांविषयी दोन शब्द बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, इतकेच.

1742 साली मराठ्यांच्या, म्हणजे आपल्याच, धास्तीने या शहराभोवती खंदक खणावयास घेतला गेला. तो पुरा झाला नाही आणि बर्गीही शहरात आले नाहीत. प्लासीनंतर, 1758 पासून, हा नवा अवाढव्य किल्ला उभारला गेला. त्यावर कधी शत्रूचा हल्ला झाला नाही. 2024 च्या अखेरीस तो ‘विजयदुर्ग’ झाला, आणि त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाला आता शिवाजी महाराजांचे नाव आहे. ज्यांच्या भीतीने खंदक, त्यांच्याच नावाचा दरवाजा! असो. ज्या बाजूने आपण बंदोबस्त करतो त्याच बाजूने संकट येते असे नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

वडिलांच्या पश्चात आई भवानीपूरच्या घरी एकटीच राहत असे. चोरांच्या भयाने दाराला वर-खाली बोल्ट, मध्ये कडी, बाहेर कोलॅप्सिबल गेटला कुलूप. एका श्रावणात ती न्हाणीघरात घसरून पडली. पावसाने फुगलेले दार, त्याला आतून छिटकिनी. शेजाऱ्यांना आत शिरावयास तीन तास लागले. चोर मात्र त्या घरी कधीच आला नव्हता.

मी सगळे बोल्ट काढावयास निघालो, तेव्हा आई म्हणाली, “न्हाणीघराला कडीसुद्धा नको? मग मी काय तान्हे मूल आहे?” तिचे म्हणणे खरे होते. कडी हवीच, ती बाहेरूनही उघडता यावी, इतकेच. बाहेरच्या बाजूस खाच असलेली, नाण्याने फिरविता येणारी कडी बाजारात मिळते. ती लावली, आणि दार बाहेरच्या बाजूस उघडेल असे करून घेतले. आत पडलेल्या माणसाच्या अंगावर दार ढकलता येत नाही, हे आपल्या ध्यानी राहत नाही.

मुख्य दाराला वरचा बोल्ट नको. हात उंचावताना वृद्धांना घेरी येते. खालचाही नको. कुलूप कमरेच्या उंचीवर असावे आणि आतून किल्लीवाचून, नुसती मूठ दाबून उघडावे. गोल मूठ संधिवाताच्या बोटांना फिरत नाही. आडवी, लांब मूठ घ्यावी. दुकानातच वळलेल्या मुठीने, नाहीतर कोपराने, ती दाबून पाहावी. आपोआप लागणारे लॅच मला पसंत नाही: दूध घ्यावयास बाहेर पडावे आणि दार मागे बंद व्हावे! आत किल्ली राहिली तर काही कुलपे बाहेरून उघडत नाहीत. हेही दुकानातच पाहून घ्यावे. गेटच्या कुलपाची किल्ली आतल्या बाजूस, गेटजवळच, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खुंटीवर असावी. रात्री आग लागली तर उशीखाली शोधत बसता येत नाही.

दुसरी किल्ली शेजारी द्यावी. मुले पुण्याला, बंगळूरला. त्यांच्या खिशातल्या किल्लीचा काय उपयोग?

पितळी मूठ आईने स्वतः निवडली. शेजारच्या बौदींकडची किल्ली मात्र तिने दोनदा परत मागून आणली, आणि दोनदा आपणच नेऊन दिली.