समेट आणि न्याय
(महोत्सवी सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



महोत्सवात वक्त्याने संस्थेचे गुणगान करावे असा रिवाज आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी पोटभर केले. मी आपल्याला जरा दूर, पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर नेतो. राष्ट्रावर राजकीय आपत्ती कोसळल्यावर दोन समाजांनी पुन्हा एकत्र कसे नांदावे, हा प्रश्न तेथे वारंवार उभा राहिला.

14 मे 1879 रोजी ‘लिओनिडास’ जहाजातून पहिले हिंदी मजूर तेथे पोचले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. 1916 पर्यंत साठ हजारांवर माणसे गेली, बहुतेक उसाच्या मळ्यांवर. जमीन मुख्यतः मूळच्या इताउकेई कुळांची आणि कसणारे हिंदी खंडकरी. एकाला भूमी हातची जाईल ही भीती, दुसऱ्याला पट्टा संपला की घर जाईल ही भीती. दोन्ही खऱ्या होत्या. हे विसरून तेथल्या भांडणाचा निवाडा करणारा फसेल.

1987 साली, पुन्हा 14 मे याच तारखेला, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी संसदेत सैनिक घुसवून टिमोसी बावाड्रा यांचे सरकार उलथले. बावाड्रा स्वतः इताउकेई होते. पण त्यांच्या सरकारावर हिंदी लोकांचे वर्चस्व आहे, हा आक्षेप. हजारो हिंदी कुटुंबे देश सोडून गेली. पुढे 1997 मध्ये दोन्ही समाजांच्या पुढाऱ्यांनी मिळून नवी राज्यघटना आणली. 19 मे 1999 रोजी महेंद्र चौधरी हे हिंदी वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. बरोबर वर्षाने जॉर्ज स्पाइट व त्याच्या बंदूकधाऱ्यांनी त्यांना संसदेतच ओलीस धरले. छप्पन्न दिवस!

त्या धुमाळीत मुआनिवेनीचे शेतकरी चंद्रिका प्रसाद यांना घरदार सोडून पळावे लागले. लाउटोका येथील निर्वासितांच्या छावणीत त्यांनी आसरा घेतला. लष्कराने तर राज्यघटनाच रद्द झाल्याचे जाहीर केले होते. हा गृहस्थ न्यायालयात गेला. घटनेने दिलेले माझे हक्क अजून शाबूत आहेत की नाहीत, एवढेच त्याला विचारायचे होते. न्यायमूर्ती अँथनी गेट्स यांनी नोव्हेंबर 2000 मध्ये, आणि अपील न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 1 मार्च 2001 रोजी निकाल दिला, की घटना जिवंत आहे. चौधरींना खुर्ची परत मिळाली नाही, निवडणुकाच घेण्यात आल्या. पण छावणीतल्या एका शेतकऱ्याने घटना वाचवली ती वाचवलीच.

2005 मध्ये पंतप्रधान करासे यांनी समेट, सहिष्णुता व ऐक्य यांचे विधेयक मांडले. नाव किती गोड! पोटात तरतूद अशी, की 2000 च्या उठावातील अपराध्यांना माफी मिळू शकावी. ज्याचे घर लुटले त्याने समेट करायचा आणि लुटणाऱ्याने मोकळे व्हायचे. दुखावलेल्याला गप्प बसवणे याला मी सलोखा म्हणत नाही. या विधेयकाला विरोध करणारे लष्करप्रमुख बाइनीमारामा यांनी डिसेंबर 2006 मध्ये स्वतःच बंड केले. त्यांच्या राजवटीत वंशवार मतदारसंघ गेले आणि 2013 च्या घटनेने सर्व नागरिकांना ‘फिजियन’ हे एकच नाव दिले. चांगलेच झाले. पण बंडवाल्यांना अभयही त्याच घटनेत लिहिलेले आहे.

या सगळ्या उलथापालथीत शाळा चालू होत्या, याचे मला शिक्षक म्हणून अप्रूप वाटते. आर्य समाज, दक्षिणेकडील लोकांचा ‘संगम’ आणि मुस्लिम लीग यांनी तेथे शाळा काढल्या. (मुस्लिम लीग म्हणताच कोणी दचकू नये; ही फिजीतली 1926 ची संस्था, आणि शिक्षण हे तिचे मोठे काम.) हिंदी मुलांसाठी सुरू झालेल्या या शाळांतून आज इताउकेई मुलेही शिकतात. वर्गणी गोळा करणाऱ्यांनी हे योजले होते की नाही, देव जाणे.

14 मे 2023 रोजी, पुन्हा पंतप्रधान झालेल्या राबुका यांनी 1987 च्या कृत्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. पुढल्या वर्षी सत्यशोधन व समेट आयोगाचा कायदाही झाला. मात्र 1986 मध्ये जवळजवळ निम्मे असलेले हिंदी वंशाचे लोक 2007 च्या खानेसुमारीतच 37 टक्क्यांवर आले होते. ती क्षमा ऐकायला त्यांच्यातले पुष्कळ जण देशात उरलेच नव्हते.